सिडनी गोडॉल्फिन ऑस्बर्न : आद्याक्षरांमागचा माणूस

एकोणिसाव्या शतकातले इंग्लिश पाद्री ऑस्बर्न यांनी गरीब शेतमजुरांच्या हलाखीविषयी वृत्तपत्रात लिहिलेली पत्रे ही निव्वळ ‘सरदारपुत्राची हौस’ होती, असे कुणी म्हणते, ते मला पटत नाही. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा प्रधान डॅनबी आणि राणी ॲनचा खजिनदार गोडॉल्फिन यांचा वारसा लाभलेला हा पाद्री १८४१ पासून दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातल्या डर्वेस्टन या खेड्याचा धर्मगुरू होता आणि लंडनच्या ‘टाइम्स’ दैनिकात ‘एस. जी. ओ.’ या आपल्या आद्याक्षरांच्या सहीने चाळीसहून अधिक वर्षे लिहीत राहिला.

त्याच्या डोळ्यांसमोर काय होते, हे शेतमजुरांविषयीच्या १८४३ च्या सरकारी चौकशीच्या अहवालात दिसते. शेजारच्याच स्टोरपेन गावात जेमतेम दहा फुटी खोलीत तीन बिछाने आणि त्यांवर निजणारी अकरा माणसे! ज्या जमीनदारांच्या पंगतीला आपले घराणे बसते, त्यांच्याच कुळांच्या झोपड्या आणि आठवड्याची सात-आठ शिलिंग मजुरी जाहीरपणे चव्हाट्यावर मांडायला हौस पुरत नाही, त्याला जिव्हाळा लागतो.

शिवाय तो केवळ टेबलाशी बसून लिहिणारा नव्हता. दुष्काळाने उजाड झालेला पश्चिम आयर्लंड त्याने फिरून पाहिला आणि क्रिमियन युद्धात इस्तंबूलजवळच्या स्कुटारीतील लष्करी रुग्णालयांत जाऊन जखमी सैनिकांची सेवा केली. इंग्लिश कादंबरीकार आणि पाद्री चार्ल्स किंग्जली हा त्याचा साडू. मजुरांविषयीची किंग्जलीची कळकळ वाचताना (हे माझे मत) डॉर्सेटमधल्या त्या झोपड्या आठवल्यावाचून राहत नाहीत.