मदत हवी आहे: डूमचा दाबून ठेवलेला अल्बम, तारखा जुळत नाहीत

कोरीपाटी (धागाकर्ता)
उद्या रात्री पॉडकास्टचा दहा मिनिटांचा भाग रेकॉर्ड करायचाय आणि मी एकाच जागी अडकलोय. डूमने भावाबरोबर केलेला अल्बम लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, का दाबला? माझा जोडीदार म्हणतो, भाऊ वारला त्याच आठवड्यात लेबलने त्यांना काढून टाकलं. माझ्या टिपणात मुखपृष्ठाचं कारण आहे. दोन्ही एकत्र बसत नाही. नक्की माहीत असेल त्यांनी आजच सांगा. "शोधून बघा" म्हणू नका, चार दिवस तेच करतोय.

मंद्रसप्तक
डूम म्हणजे डूम मेटल, तो संथ, जड रॉकचा प्रकार का? अल्बमचं नाव, साल, लेबल, काहीतरी लिहा की.

कोरीपाटी
एमएफ डूम हो, रॅपवाला. भाऊ म्हणजे सबरॉक. अल्बम 'ब्लॅक बास्टर्ड्स'.

फिरतीतबकडी
मग केएमडी म्हणा, त्या भावांचा रॅप गट. तेव्हा तो डूम झालाच नव्हता, झेव लव्ह एक्स नावाने रॅप करायचा. पहिला अल्बम 'मिस्टर हूड', १९९१, लेबल इलेक्ट्रा. तुम्ही कोणती प्रत ऐकलीत? १९९८ची ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी ध्वनिमुद्रिका), २००१चा पूर्ण अल्बम, की २०१५ची नवी आवृत्ती?

कोरीपाटी
स्ट्रीमिंगवर ऐकला. प्रतीचा काय संबंध? मला कारण हवंय.

फिरतीतबकडी
संबंध आहे. १९९८च्या ईपीत मोजकीच गाणी आहेत, त्यातली काही कच्ची. ती ऐकून मला बरीच वर्षं वाटायचं की अल्बम अर्धवट राहिला म्हणून आला नाही. तसं नव्हतं. क्रम असा लावा: सबरॉक २३ एप्रिल १९९३ला गाडीच्या धडकेत गेला. गटातला तिसरा सोबती ओनिक्स आधीच बाहेर पडला होता. थोरल्या भावाने, म्हणजे झेवने, पुढचे कित्येक महिने एकट्याने बसून अल्बम पुरा केला. मे १९९४मध्ये तो यायचा होता आणि जेमतेम महिनाभर आधी, एप्रिलमध्ये, इलेक्ट्राने रद्द केला. म्हणजे मृत्यू आणि रद्द होणं यांत जवळजवळ वर्षाचं अंतर आहे. तुमच्या जोडीदाराला हे सांगा.

ठेकाधरा
तारखा बरोबर, पण मुखपृष्ठाला फार महत्त्व देऊ नका. खरं कारण १९९२मध्येच घडलं होतं. बॉडी काउंट या बँडच्या 'कॉप किलर' गाण्यावरून टाइम वॉर्नर या बड्या माध्यम कंपनीवर एवढा गदारोळ झाला की ते गाणं अल्बममधून काढावं लागलं. इलेक्ट्रा त्याच घरातलं. त्यानंतर वादाचा वाससुद्धा त्यांना नको होता.

फिरतीतबकडी
वातावरण तसं होतं, मान्य. पण ठिणगी मुखपृष्ठाचीच. झेवने स्वतः काढलेलं चित्र होतं: 'हँगमन' या अक्षरं ओळखायच्या खेळातल्यासारखा फास आणि त्याला लटकलेला सॅम्बो, म्हणजे काळ्या माणसांना हिणवणारं ते जुनं व्यंगचित्र. बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकात टेरी रॉसी यांनी त्यावर टीका केली आणि वरच्या लोकांचे धाबे दणाणले. केएमडी पहिल्यापासून त्याच सॅम्बोवर काट मारत आले होते. फासावर ते वर्णद्वेषी चित्र चढवलं होतं, माणूस नव्हे. कुणी नीट विचारलं असतं तर उलगडा झाला असता.

ठेकाधरा
विचारायची इच्छाच नव्हती, हेच तर मी म्हणतोय.

जुनीरीळ
कॅसेटवरून उतरवून घेणार असाल तर आधी प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि ॲझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन, जुळवा. तो चुकला की वरच्या पट्टीतले आवाज दबतात, झांजांची धार जाते. टेपची खरखर कमी करणारी डॉल्बी कोणती होती तेही बघा.

कोरीपाटी
माझ्याकडे कॅसेट नाहीये.

मंद्रसप्तक
दहा मिनिटांत हे सगळं बसणार नाही. त्यापेक्षा रॅपर क्यू-टिपचा 'कमाल द ॲब्स्ट्रॅक्ट' घ्या. लेबलने २००२च्या सुमारास अडवला आणि २००९मध्ये आला. गोष्ट सरळ आहे, कुणाचा मृत्यूही नाही.

फिरतीतबकडी
अहो, त्यांचा भाग ठरलाय.

ठेकाधरा
अवांतर: त्या काळच्या एसपी-१२०० सॅम्पलरमध्ये (जुन्या गाण्यांचे तुकडे घेऊन ठेका रचायचं यंत्र) जेमतेम १० सेकंदांचा आवाज मावायचा. म्हणून मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५च्या वेगाने वाजवून आत घ्यायचे आणि नंतर वेग खाली उतरवायचे. आवाजाला जो खरखरीतपणा यायचा तो त्यातून. एवढ्याशा जागेत लोकांनी अख्खे अल्बम रचले. आज तेच यंत्र घेऊन बसलो तरी माझ्याकडून एक ठेका धड होत नाही.

कोरीपाटी
ठेकाधरा, हे पुढच्या भागात घेतो. फिरतीतबकडी, शेवटचं एकच: रद्द झाल्यावर टेपा कुणाकडे राहिल्या? लेबलकडेच असतील तर २००१मध्ये अल्बम आला कसा?

फिरतीतबकडी
इलेक्ट्राने त्याला २० हजार डॉलर आणि मास्टर टेपा, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणं, देऊन मोकळं केलं. लेबल सहसा मास्टर सोडत नाही, म्हणूनच हा अल्बम वाचला. आणि एक विनंती. कारणावर दोन मिनिटं बोला, बाकीची आठ त्या मधल्या वर्षाला द्या. धाकट्या भावाने करून ठेवलेले ठेके तो रोज वाजवत होता, त्यावर स्वतःचा आवाज चढवत होता. शीर्षकगीतात कवी गिलान केनचा आवाज आहे, १९७०च्या ध्वनिमुद्रिकेतला. तो तुकडा नक्की ऐकवा.

कोरीपाटी
जोडीदाराला फोन केला. "त्याच आठवड्यात" कुठे वाचलं ते त्याला आठवत नाही, तेव्हा ते वाक्य काढलं. मुखपृष्ठ आणि 'कॉप किलर' दोन्ही घेतो, पण आधी ते वर्ष. सबरॉकने कोणते ठेके पूर्ण करून ठेवले होते आणि कोणते झेवने नंतर जुळवले, गाण्यागणिक कुणी सांगू शकेल का? उद्या संध्याकाळी सातपर्यंत बघत राहीन.