पित्ताशयाची भिंत जाड: दाह की कर्करोग?

प्रश्न (डिचोली):
माझ्या आत्याच्या पोटात उजव्या बरगडीखाली दुखत असल्याने म्हापशात सोनोग्राफी केली, तेव्हा पित्ताशयात खडे आणि जाड झालेली भिंत दिसली. सीटी स्कॅनच्या अहवालात मात्र ‘झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस किंवा कर्करोग’ असे लिहिले आहे. शस्त्रक्रियेआधी सुईने तुकडा काढून याचा निकाल लावता येणार नाही का?

उत्तर (पणजी, निवृत्त रेडिओलॉजिस्ट):
अहवाल संदिग्ध वाटला तरी तो प्रामाणिक आहे. झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस म्हणजे पित्ताशयाचा एक जुनाट दाह. या दाहात पित्त भिंतीत झिरपते, त्यातील चरबी गिळून फुगलेल्या पेशींच्या गाठी तयार होतात आणि दाह यकृतापर्यंत पसरून हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो. सीटीमध्ये भिंतीच्या आत कमी घनतेच्या गाठी आणि अस्तराची अखंड रेघ दिसली, तर कौल दाहाकडे झुकतो. पण झुकतो एवढेच. सीए १९-९ हे रक्तातील कर्करोग-निदर्शक दोन्हींत वाढू शकते आणि पेट स्कॅनमध्ये (पेशी किती साखर वापरतात हे दाखवणाऱ्या तपासणीत) दोन्ही उजळू शकतात.

उत्तर (मडगाव, शल्यविशारद):
सुईत नेमका दाहाचाच भाग आला, तर शेजारचा कर्करोग निसटतो, कारण दोन्ही एकत्रही असू शकतात. शिवाय काढण्याजोगा कर्करोग असल्यास सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याची भीती असते. म्हणून गरजेनुसार शस्त्रक्रियेदरम्यानच फ्रोझन सेक्शन (तुकडा गोठवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) करतात, आणि अंतिम निदान काढलेल्या पित्ताशयाच्या हिस्टोपॅथॉलॉजीनेच (सूक्ष्मदर्शकाखालील सविस्तर तपासणीनेच) होते. बांबोळीला (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) दाखवणार असाल, तर नुसता अहवाल नव्हे, स्कॅनची सीडीही न्या.

प्रश्नकर्ता:
आत्याला कावीळ नाही, हे सांगायचे राहिले. त्याने काही फरक पडतो का?

उत्तर (मडगाव):
निदानापुरता फारसा नाही. कावीळ दोन्हींत होऊ शकते.