इनकॉरिजिबल आणि इनव्हेटरेट: फरक काय?

प्रश्न:
खोडी न सुटणाऱ्या माणसाला इंग्रजीत इनकॉरिजिबल म्हणतात, तसंच इनव्हेटरेटही. कुठला कधी वापरायचा? आणि पहिल्याच्या स्पेलिंगमध्ये दोन आर कशाला, शेवटी एबलऐवजी आयबल का?

प्रतिसाद १:
स्पेलिंगचं उत्तर लॅटिनमध्ये आहे. 'रेगेरे' म्हणजे सरळ करणं, सरळ नेणं. त्याला 'कॉम' उपसर्ग लागला. पुढे र आला की कॉमचा कॉर होतो, म्हणून दोन आर. 'कॉरिगेरे' म्हणजे सुधारणं. करेक्ट आणि निविदेच्या मागोमाग हमखास निघणारं कॉरिजेंडम ही त्याचीच भावंडं. नकाराचा 'इन' लागून, फ्रेंचमार्गे, चौदाव्या शतकात शब्द इंग्रजीत आला.
आता आयबल. लॅटिनमधल्या पहिल्या गणाच्या क्रियापदांना 'आबिलिस' लागतो, तिसऱ्या गणाच्या क्रियापदांना 'इबिलिस'. कॉरिगेरे तिसऱ्या गणातलं. उच्चारताना जोर 'कॉ'वर, आणि जीचा उच्चार ज. आपला 'ऋजू'देखील 'रेगेरे'च्याच मूळ धातूवरून आलाय.

प्रतिसाद २:
फरक असा: इनव्हेटरेटमध्ये 'व्हेटुस' आहे, म्हणजे जुना; व्हेटरनमध्येही तोच. तिथे भर सवय किती मुरली यावर. पन्नास वर्षं विड्या ओढणारा इनव्हेटरेट स्मोकर, मग त्याला कुणी कधी टोकलेलं नसलं तरी. इनकॉरिजिबलमध्ये सुधारायचे प्रयत्न फसल्याचं गृहीत असतं. इनव्हेटरेटला 'जित्याची खोड', इनकॉरिजिबलला 'कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच'.
नेहमी होणारी चूक म्हणजे वस्तूंना किंवा आजाराला इनकॉरिजिबल लावणं. न भरून येणाऱ्या नुकसानीला इररेपरेबल, बरा न होणाऱ्या आजाराला इनक्युरेबल.

प्रतिसाद ३:
इनकॉरिजिबल ऑप्टिमिस्ट ऐकून शब्द लाडिक वाटतो, पण तो कायद्यातही होता. इंग्लंडच्या 1824च्या व्हॅग्रन्सी ॲक्टमध्ये भटक्यांच्या तीन पायऱ्या होत्या: आयडल अँड डिसऑर्डर्ली, मग रोग अँड व्हॅगाबाँड, आणि शेवटी इनकॉरिजिबल रोग. (हा रोग म्हणजे बदमाश, आजार नव्हे!) दुसऱ्या पायरीचा गुन्हा पुन्हा केला किंवा कोठडीतून पळाला की माणूस तिसरीवर. सक्तमजुरी पहिलीला एक महिन्यापर्यंत, दुसरीला तीन, तिसरीला वर्षभरापर्यंत. म्हणजे प्रतिसाद २मधला 'प्रयत्न फसले' हा अर्थ कायद्यानेही धरला होता: एकदा शिक्षा होऊनही सुधारला नाही, तो इनकॉरिजिबल.

प्रश्नकर्ता:
मग बॉसला उद्देशून ईमेलमध्ये 'आय ॲम इनकॉरिजिबल' लिहिलं तर?

प्रतिसाद २:
मित्राला चालेल. बॉसला नको, तो शब्दशः घेईल.