‘ऊन’ की ‘उष्ण’? आणि ‘बू’ला मराठीत काय म्हणायचं?

तळटीप: चिनी वैद्यकावरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. अडलंय ‘वन बू’ या जोडशब्दावर. वन म्हणजे ऊब आणणं, बू म्हणजे झीज भरून काढणं. दोन्ही गुणांची औषधं एकत्र देतात तेव्हा हा शब्द येतो. मी ‘उष्ण-बल्य’ लिहिलं होतं (बल्य म्हणजे ताकद देणारं). तपासनिसांनी ते खोडून ‘गरम व पौष्टिक’ केलं. आता ते वाक्य सूपच्या पाकिटावर छापावं असं झालंय. बरं, ‘उष्ण’ही मनापासून आवडलेला नाहीच. आपल्याकडे उष्ण ‘पडतं’, म्हणजे ती तक्रार झाली. काय करू?

खलबत्ता: ‘पौष्टिक’ तर खिचडीही असते. ‘बृंहण’ वापरा, शास्त्रशुद्ध शब्द आहे.

तळटीप: बृंहण म्हणजे अंगावर मांस चढवणं ना? यांच्याकडे ‘बू’ चार प्रकारचं आहे. छी (प्राणशक्ती म्हणू), रक्त, यिन (शरीराची शीतल बाजू) आणि यांग (उष्ण बाजू), यांतलं जे उणं असेल ते भरायचं.

कोशकिडा: ‘बू’च्या चिन्हात डावीकडे कापडाची खूण आहे. मूळ अर्थ फाटलेलं वस्त्र सांधणं. म्हणजे बळ वगैरे नंतरचं, आधी ठिगळ! ‘भरण’ किंवा ‘पूरण’ जवळचे वाटतात. (उच्चार खरं तर प आणि ब यांच्या मधला आहे. पण ‘पू’ लिहिलंत तर वाचक गळवावर पोचेल.)

साधंसरळ: एवढा खल कशाला? टॉनिक म्हणा. माझ्या आजीला ‘बल्य’ कळलं नसतं. टॉनिकची बाटली मात्र तिच्या उशाशी असायची.

खलबत्ता: म्हणजे सगळ्यावर इंग्रजी लेबल चिकटवायचं? उद्या काढ्याला डिकॉक्शन म्हणाल.

साधंसरळ: माटुंग्यात कॉफीच्या बाबतीत म्हणतातच.

तळटीप: बाटली बाजूला ठेवूया का? पुस्तिकेतलं उदाहरण देते. ‘शि छ्वान दा बू तांग’ म्हणजे दहा घटकांचा ‘महाभरण’ काढा. त्यात छी भरणारी चार, रक्त भरणारी चार, वर हुआंग छी नावाचं मूळ, आणि दहावी जाड सालीची दालचिनी. नऊ जणांच्या पंगतीत ही एकटी गरम. तिचं काम काय, ते त्या एका शब्दात यायला हवं.

खलबत्ता: अहो, हे तर आम्हा आयुर्वेदवाल्यांच्या रोजच्या कामातलं. अग्नी म्हणजे पचनशक्ती मंद असताना बृंहण दिलं की आम होतो, म्हणजे अन्न अर्धवट पचून साचतं. चूल विझलेली, वर दुधाचं पातेलं ठेवून उपयोग काय? म्हणून आधी दीपन (अग्नी चेतवणं), नाहीतर सोबत दीपन.

कोशकिडा: उपमा छान, पण त्यांचे शब्द त्यांच्या चौकटीत राहू द्या. त्यांच्याकडे औषधाचे चार स्वभाव: थंड, गार, ऊन, गरम. ताजं आलं जेमतेम ऊन, सुंठ थेट गरम. ‘ली चोंग’ नावाच्या जुन्या गोळीत जिनसेंग आणि सुंठ समसमान, तीन-तीन ल्यांग. ल्यांग हे त्यांचं वजन. झांग झोंगजिंग या चिनी वैद्याच्या ग्रंथातली आहे ती, साधारण इ. स. 200 ची. त्या सुंठीला ‘ऊबदार’ म्हणाल तर स्वेटर वाटेल.

तळटीप: थांबा, ‘ऊन’! ऊन पाणी, ऊन ऊन भात. यात तक्रार नाही, मायाच आहे. आणि ‘वन’शी नादही जुळतो.

घाटमाथा: नाद कसला, शब्द एकच असणार! रेशीममार्गाने आला असेल.

कोशकिडा: नाही हो. आपलं ‘ऊन’ उष्णवरून आलंय, मधे प्राकृत ‘उण्ह’. चीनशी संबंध शून्य. संस्कृतात आणखी एक ‘ऊन’ आहे, त्याचा अर्थ कमी, उणा. एकोणीसमधला तोच. म्हणजे रोग ऊन आणि औषधही ऊन. वाचकाची पंचाईत.

घाटमाथा: बरं, मग दालचिनी तरी चीनची ना?

कोशकिडा: ते खरं. फारसी ‘दार-चिनी’, चिनी लाकूड. ‘चोपचिनी’तलं ‘चोब’ म्हणजेसुद्धा लाकूडच. त्या चोपचिनीला ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात ‘द्वीपान्तर वचा’ म्हटलंय. बघा, तेव्हाही परक्या मुळीसाठी घरचा शब्द घडवलाच.

साधंसरळ: आणि लोक अजून चोपचिनीच म्हणतात. मुद्दा सिद्ध.

सिंगापुरी मिरची: मधेच बोलते. माझं बाळंतपण इथलं. शेजारच्या चिनी काकू महिनाभर मातीच्या भांड्यातून सूप आणायच्या: मटण, आलं आणि तांग क्वेइ नावाचं मूळ. झाकण उघडलं की ओव्याच्या कुळातला वास जिन्यापर्यंत जायचा. आई डिंकाचे लाडू घेऊन आलेली. ती मला हळूच म्हणाली, “त्यांचं ते फार उष्ण, बेतानं पी.” काकूंनी लाडू हुंगला, मेथी-सुंठ ओळखली आणि मलाच सांगितलं, “हीटी! दिवसाला एकच.” इथल्या इंग्रजीत उष्ण पडणाऱ्याला हीटी म्हणतात.

खलबत्ता: डिंकाच्या लाडवात मेथी? आमच्याकडे मेथीचे वेगळे.

घाटमाथा: आमच्याकडे थोडी घालतातच.

तळटीप: मंडळी, ‘वन बू’...

कोशकिडा: मिरचीताई, ते सूपही झांग झोंगजिंगच्याच नावावर आहे. एक जिन (हेही वजनच) मटण, पाच ल्यांग आलं, तीन ल्यांग तांग क्वेइ. वन बू यापेक्षा नेमकं दाखवता येणार नाही. आणि गंमत म्हणजे त्यांच्याकडे काढा आणि सूप यांना शब्द एकच, ‘तांग’.

खलबत्ता: मग मटणाच्या त्या तांगला मराठीत ‘मांसरस’ म्हणावं.

साधंसरळ: आळणी म्हणा. आमच्याकडे मटण शिजवलेल्या पाण्याला आळणीच म्हणतात, आणि बाळंतिणीला तीच देतात.

सिंगापुरी मिरची: आळणी कशी? काकू त्यात मीठ घालायच्या.

साधंसरळ: आळणीत मीठ असतंच की.

खलबत्ता: मग ती आळणी कशी?