मुक्ता या नावाची घरातली हाक कोणती असावी?

तापीकाठची सून

नमस्कार. आमच्या मुलीचे बारसे येत्या रविवारी शिरपूरला आहे आणि तिचे नाव मुक्ता ठेवायचे ठरले आहे. हे माझ्या आजेसासूबाईंचे नाव. शिवाय मुलीचे नक्षत्र मघा आणि चरण तिसरे असल्यामुळे अक्षरही ‘मू’ आले, तेव्हा नावाबद्दल घरात कोणाचेच दुमत नाही. घोळ आहे तो हाकेचा. सासरे आत्तापासूनच ‘मुक्ती’ म्हणतात आणि ते माझ्या नाशिकच्या कानाला जरा तुसडे वाटते. माझा भाऊ ‘मिकी’वर अडून बसला आहे. मुक्ता म्हणजे मोती, म्हणून नणंदेने ‘मोती’ सुचवले, पण आमच्या गल्लीत मोती नावाचा कुत्रा आहे आणि हाक मारली की तो खरोखरच ओट्यावर येऊन उभा राहतो. सासूबाई मात्र बाळाला नावाने हाक मारतच नाहीत, नुसते ‘माय’ म्हणतात; आपल्या सासूचे नाव त्यांनी आजवर कधी उच्चारलेले नाही आणि आता नातीच्या निमित्तानेही त्यांची जीभ वळत नाही. लहानपणी गोड वाटेल आणि मुलगी वीस वर्षांची झाल्यावरही तिला लाज आणणार नाही, असे एखादे रूप कोणी सुचवील का?

निवृत्त गुरुजी, अमळनेर

ताई, आधी आपल्या सासऱ्यांची बाजू मांडतो. गंगाची गंगी, कमळची कमळी, सुमनची सुमी, तशीच मुक्ताची मुक्ती. ही ‘ई’ शहरात तुच्छतेची वाटते, परंतु आमच्या अहिराणी घरांत मोठ्याने लहानाला आणि मैत्रिणीने मैत्रिणीला मारायची ती नित्याची हाक आहे. “मुक्ती, कोठे जाई राहिनी व?” हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा; त्यातला शेवटचा ‘व’ आला की नावातला सगळा कडकपणा उतरतो. अर्थात हाच शब्द कोणी दारातून ओरडून उच्चारला, तर तो बोचेल हेही खरे. शिवाय मुक्ती हा स्वतंत्र अर्थाचा शब्द असल्यामुळे वर्गातली मुले “सुटलो एकदाचे, मुक्ती मिळाली” असे म्हणणार, याची तयारी ठेवावी.

‘मुकू’ सुचवणारे कोणी ना कोणी भेटेलच, पण त्याची ‘मुकी’ व्हायला आठवडासुद्धा लागत नाही, आणि बोलक्या मुलीला ते नाव आयुष्यभर पुरते. ‘मुक्तू’ कागदावर चांगले दिसते; मात्र दोन-तीन वर्षांच्या मुलांना ‘क्त’ हे जोडाक्षर जमत नाही, त्यामुळे शेजारची चिल्लीपिल्ली तिला ‘मुत्तू’ म्हणू लागतील, आणि त्यापुढे काय होते हे मराठी माणसाला सांगायला नको. एका मुक्ताच्या बाबतीत मी हे पहिलीच्या वर्गात पाहिले आहे. ती पोर दुपारच्या सुट्टीत पटांगणावर न जाता माझ्या टेबलाशेजारी डबा खात बसायची.

माझ्या मते निराळे रूप शोधण्याचे कारणच नाही. मराठीत हाक मारताना सीताची सीते आणि गंगाची गंगे होते, तशी मुक्ताची ‘मुक्ते’ आपोआप होते. प्रेमाने लांबवता येते, रागाने तोडता येते, आणि मूळ नावही शाबूत राहते.

केळीवाला, मुक्ताईनगर

ज्या तालुक्याचे पूर्वीचे एदलाबाद हे नाव मागे पडून मुक्ताईनगर झाले, तिथला माणूस ‘मुक्ताई’च सुचवणार, हे आपण ओळखले असेलच. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव आणि सोपानदेव या तीन भावांची ती सर्वांत धाकटी बहीण, आणि नावाला ‘आई’ लागली ती तिच्याच. रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना तिने ताटीच्या अभंगांतून समजावले आणि वयाने कितीतरी मोठ्या चांगदेवांनी तिला गुरू मानले, अशी परंपरा आहे. त्या दृष्टीने पाहिले तर आपल्या सासूबाई बाळाला ‘माय’ म्हणतात, ती मुक्ताईच झाली.

एक अडचण मात्र सांगून ठेवतो. माझ्या चुलतबहिणीला घरात मुक्ताई म्हणत असत आणि तिच्यावर कोणालाही रागावता येत नसे. तिने एकदा ताकाचे अख्खे मडके ओट्यावरून खाली ढकलले. आजीने हात उगारला, तोंडातून “मुक्ताई” निघाले आणि तोच हात कपाळाला लावून आजी आत निघून गेली. आषाढीसाठी इथून पंढरपूरला पालखी निघते, तेव्हा ज्या नावाचा गजर होतो, त्याच नावाने दूध सांडल्याबद्दल बोल लावणे जड जाते. रोजच्या वापरासाठी एखादी साधी हाक सोबत हवीच.

बेबीबाई, धुळे

हाक कोणतीही ठेवा, पण ती कागदावर जाऊ देऊ नका. माझे बारशाचे नाव रुक्मिणी. शाळेत घालायला आलेल्या मामांना ते ऐन वेळी आठवले नाही आणि त्यांनी घरातले ‘बेबी’ सांगून टाकले. आज मी साठीला आले आहे, सातबाऱ्यावर बेबीबाई आहे, आणि बँकेतला मुलगा दर वेळी मान वर करून खरे नाव विचारतो. राजपत्रात नाव बदलून घ्यायचे म्हटले, तर एका कागदामागे पाच कागद बदलावे लागतात, म्हणून मी तो नाद सोडला.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, परंतु बाळाचे नाव त्याच वेळी दिले पाहिजे असे नाही. ते वर्षभरात विनाशुल्क आणि पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येते. तेव्हा घाईत कोणाला तरी पाठवून काहीतरी लिहून आणू नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहायचे असते. त्या ओळीत आपल्या नावाशेजारी ‘मिकी’ कसे दिसेल, ते भावाला एकदा लिहून दाखवा.

तापीकाठची सून

सर्वांचे मनापासून आभार. गुरुजींचे ‘मुत्तू’ वाचून सासरे इतके हसले की बाळ दचकून उठले, आणि त्यांनी स्वतःच “मुक्ते, मुक्ते” करत पाळण्याची दोरी धरली. ती हाक आता ठरल्यासारखीच आहे. मुक्ताईबद्दल सासूबाईंना विचारले, तर त्या घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत होत्या; मान वर न करता म्हणाल्या, “मी मायच म्हणणार, तुम्ही तुमचं बघा.” नोंदणीच्या अर्जावर यजमानांनी फक्त मुक्ता असे लिहिले आहे, आणि अर्ज मी दोनदा वाचून पाहिला. भाऊ अजून ‘मिकी’च म्हणतो आहे. त्याला रविवारी बेबीबाईंची हकिगत वाचून दाखवणार आहे.