सात दिवसांच्या शिबिराला पाण्याचा दाखला कशाला?

प्राध्यापक_वर्धा: रासेयोचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, शिबिर सात दिवसांचं. त्यासाठी पाणी तपासणीचा दाखला मागणं म्हणजे निव्वळ कागदी छळ. गाव जे पाणी पितं तेच आपण प्यावं. सेवा करायला जातो, पाहुणचाराला नाही.

यवतमाळची_ताई: सर, हे वाचून राहवलं नाही. 2022 च्या जुलैत मेळघाटात पाचडोंगरी-कोयलारीचे लोक गावातल्याच विहिरीचं पाणी प्यायले होते. माणसं दगावली. आमच्या शिबिरात एका रात्री पोरींना जुलाब सुरू झाले, पहाटेपर्यंत दोघींना सलाईन. सकाळी शाळेच्या टाकीवर चढून पाहिलं तर झाकण अर्धं तुटलेलं, आत पारव्यांची पिसं अन् तळाला बोटभर गाळ. गावाला हिरवं कार्ड, म्हणजे पाणी योजना सुरक्षित असल्याचा सरकारी शेरा, होतं बरं!

प्राध्यापक_वर्धा: म्हणजे कार्ड असूनही पोरी आजारी पडल्या. माझाच मुद्दा झाला की.

यवतमाळची_ताई: अजिबात नाही. कार्ड गावच्या योजनेचं, शाळेच्या टाकीत कोण डोकावतं? दाखला पुरत नाही म्हणून तपासणीच नको, हे कुठलं शहाणपण? रोज सकाळी पोरं ज्या पिंपातून पितात, त्यातलंच पाणी घेऊन ओटी, म्हणजे क्लोरीन तपासायचं द्रावण, टाकायची. पिवळं झालं नाही तर क्लोरीन नाही. मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाका अन् निदान अर्धा तास कोणाला पिऊ देऊ नका.

जलसुरक्षक_भाऊ: टीसीएल टाका म्हणणं सोपं हाये ताई. पोतं उघडं राह्यलं की त्याचा जोर जाते. आमच्या पंचायतीत ओल लागून गोटे झालेत. नवं मागा तर निधी नाही, गावच्या पाण्यात ते टाकणाऱ्या आम्हा जलसुरक्षकांचं मानधन थकलेलं. पोट बिघडलं की मात्र पहिलं नाव आमचंच!

अकोटवाला: काहून एवढी डोकेफोड? जार बोलवा, विषय संपला. आमच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला 2000 मिलिग्रॅमच्या वर गेलेल्या पाण्यात क्लोरीन टाकून काय होते? पूर्णेकाठच्या गावात किडनीचे पेशंट मोजा, मग बोला.

यवतमाळची_ताई: भाऊ, जारला ना सील ना तारीख. आरओतून निघालेलं पाणी न धुतलेल्या जारमध्ये भरलं तर जंतू तिथंच लागतात.

अकोटवाला: मग आम्ही खारं प्यावं का? जार बंद करा म्हणणाऱ्यांनी एक उन्हाळा आमच्याकडे काढावा!

पांढरकवडा_मास्तर: दोघंही फ्लोराइड विसरले. आमच्याकडे त्यानं दात पिवळे पडलेली पोरं वर्गात बसतात. एका शिबिरात 'उकळून प्या' असा फलक लावला होता. उकळून जंतू मरतात, फ्लोराइड मात्र जात नाही, पाणी आटून उलट दाट होतं. मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर 1.5. हे ओटीत दिसत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

प्राध्यापक_वर्धा: सात दिवसांत कोणाचे दात पिवळे पडत नाहीत, मास्तर.

पांढरकवडा_मास्तर: तुमच्या पोरांचे नाही पडणार. गावातली पोरं वर्षभर तेच पितात. सेवेला येता ना? मग नमुना घेऊन जा अन् अहवाल सरपंचांच्या हातात द्या.

प्राध्यापक_वर्धा: बरं, ओटीची बाटली ठेवीन, नमुनाही नेईन. शिबिराआधी दाखला आणायचा, हे मला अजूनही पटत नाही.

यवतमाळची_ताई: नका आणू. पण टाकी धुणार कोण, ते निघायच्या आधी लेखी ठरवा. आमच्या वेळी पंचायत म्हणाली कॉलेजनं धुवावी, कॉलेज म्हणालं पंचायतीनं.

जलसुरक्षक_भाऊ: अन् धुतली आम्हीच.