एसडीएसमध्ये झकास हेलिक्स, व्हेसिकलमध्ये काहीच नाही. खरं काय मानू?

उदास_क्युवेट

माझं पेप्टाइड २१ अमायनो आम्लांचं आहे. पाच लायसिन, एक आर्जिनिन, बाकी बहुतेक ल्युसिन आणि ॲलनिन, मधे एक ट्रिप्टोफॅन. नुसत्या फॉस्फेट बफरमध्ये सीडी (वर्तुळध्रुवित प्रकाशाचा स्पेक्ट्रम, साखळीची घडी ओळखायला) घेतला की १९८ नॅनोमीटरच्या आसपास एकच खड्डा, म्हणजे साखळी मोकळीच. २० मिलिमोलर एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, साबणासारखं ऋण प्रभाराचं द्रव्य) घातलं की २०८ आणि २२२ नॅनोमीटरला दोन सुरेख खड्डे, म्हणजे हेलिक्स, मळसूत्री घडी. मी खूश, गाईड खूश.

मग पीओपीसी या लिपिडाच्या १०० नॅनोमीटरच्या व्हेसिकल (मेंब्रेनच्या पोकळ पिशव्या) केल्या. पेप्टाइड ३० मायक्रोमोलर, लिपिड ३००. स्पेक्ट्रम थेट बफरमधल्यासारखाच, जणू लिपिड घातलंच नाही! आणि सेमिनारच्या स्लाइडवर मी आधीच लिहून बसलेय, "पेप्टाइड मेंब्रेनमध्ये शिरतं."

अजून एक. एसडीएस ०.२ मिलिमोलर असताना नळी गढूळ झाली, २० ला मात्र स्वच्छ. हे काय गौडबंगाल?

रात्रपाळी

बफर पोटॅशियम फॉस्फेटचा आहे का? पोटॅशियम डोडेसिल सल्फेट खोलीच्या तापमानाला पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. माझे दोन दिवस यात गेले. पांढरा साका बघून प्रोटीनच बसलं म्हणून रडत होतो, आणि प्रोटीन नसलेल्या नळीतही तोच साका!

उदास_क्युवेट

नाही, सोडियम फॉस्फेट, १० मिलिमोलर. ब्लँक नळी स्वच्छ होती.

जुनी_पिपेट

मग दोष तुझ्या पेप्टाइडच्या प्रभाराचा. सहा धन अवशेष (साखळीतली अमायनो आम्लं) आणि एन टोकाचा एक, असे सात धर. सात गुणिले ३० म्हणजे २१० मायक्रोमोलर धन प्रभार, आणि तू घातलंस २०० मायक्रोमोलर ऋण एसडीएस. हिशेब चुकता. प्रभार उरला नाही की एकमेकांना दूर ठेवणारं काही राहत नाही, वर प्रत्येक एसडीएसला बारा कार्बनची शेपटी. गोळा होऊन गढूळ होणारच. अजून एसडीएस घातलंस की गोळ्यावर ऋण प्रभार चढतो आणि तो परत सुटतो. यात मायसेलचा, म्हणजे शेपट्या आत करून जमलेल्या एसडीएसच्या पुंजक्यांचा, संबंधही नाही. एसडीएसची मायसेल शुद्ध पाण्यात ८ मिलिमोलरच्या आसपास व्हायला लागतात, मीठ असेल तर त्याहून खाली. ०.२ ला सुटे रेणूच.

आता मुख्य भानगड. तू दोन प्रयोगांची तुलना करतेयस, पण दोन्हीकडे पेप्टाइडला मिळालेली जागा मोजली नाहीस. एका एसडीएस मायसेलमध्ये साठेक रेणू. तुझ्या बफरमध्ये सुटे पाच-सहा मिलिमोलर सोडले तरी मायसेल दोनशेच्या वर मायक्रोमोलर भरतात. एकेका पेप्टाइडच्या वाट्याला सात-आठ मायसेल, तेही ऋण प्रभाराचे. चैन आहे. व्हेसिकलकडे ये. एका व्हेसिकलमध्ये लिपिडं लाखाच्या घरात, पण बाहेरून पोचता येतं ते निम्म्याला. तीनशेतली दीडशे. म्हणजे एका पेप्टाइडला पाच लिपिडं, आणि पीओपीसी पडलं निव्वळ उदासीन. धन प्रभाराच्या पेप्टाइडने तिथे यावं तरी कशासाठी?

तेव्हा पीओपीसी आणि ऋण प्रभाराचं लिपिड पीओपीजी ३:१ घे आणि लिपिड वाढव. जमलं तर पेप्टाइड कमी ठेवून लिपिड टप्प्याटप्प्याने घालत जा. फक्त लिपिड जास्त झालं की प्रकाश विखुरतो आणि २०८ चा खड्डा उगाच उथळ दिसतो. डिटेक्टरचं व्होल्टेज बघत राहा, नुसत्या व्हेसिकलचा ब्लँक वजा कर.

आणि एसडीएसमधला हेलिक्स बघून हुरळून जाऊ नकोस. बफरमध्ये साखळीच्या पाठकण्याचे हायड्रोजन बंध पाण्याशी जुळतात. तेलकट जागेत पाणी नाही, म्हणून साखळी ते आपल्याआपल्यात जुळवते आणि हेलिक्स होतो. त्यासाठी मेंब्रेनच हवं असं नाही. शिवाय मायसेल म्हणजे चार-पाच नॅनोमीटरचा गोळा. अल्फा-सिन्युक्लिन हे प्रोटीन त्याच्यावर मधे मोडून दोन हेलिक्स करतं, व्हेसिकलच्या सपाट पाठीवर मात्र एकच लांब हेलिक्स पसरतं. साचा बदलला की आकार बदलतो.

लिपिडप्रेमी

एसडीएस हवंच कशाला? डीपीसी हे साबणासारखंच दुसरं द्रव्य घ्या. डोकं फॉस्फोकोलिनचं, थेट लिपिडासारखं.

जुनी_पिपेट

डोकं सारखं, शेपटी मात्र लिपिडाच्या दोनऐवजी एकच. पर्याय म्हणून ठीक आहे, पण सौम्य म्हणवून घेणाऱ्या डीपीसीने मायटोकॉन्ड्रियाच्या वाहक प्रोटीनांची घडी बिघडवलेली आहे. छोट्या पेप्टाइडचं एनएमआर करायचं तर जरूर घ्या. मेंब्रेनचा पुरावा म्हणून नको.

उदास_क्युवेट

केलं! ३:१ मिश्रण, पेप्टाइड तेवढंच, लिपिड ३ मिलिमोलर. २२२ चा खड्डा आला, एसडीएसइतका खोल नाही पण आला. मग १५० मिलिमोलर मीठ घातल्यावर निम्मा उरला. ट्रिप्टोफॅनच्या फ्लुरोसन्सचं (त्याने परत सोडलेल्या प्रकाशाचं) शिखर बफरमध्ये ३५२ नॅनोमीटरला होतं, या व्हेसिकलमध्ये ३३९ ला, नुसत्या पीओपीसीत ३५१. आता "शिरतं" लिहू ना?

जुनी_पिपेट

मिठाने उतरतंय, म्हणजे धरून ठेवण्यात प्रभाराचा वाटा मोठा. ३३९ म्हणजे ट्रिप्टोफॅन पाण्यापासून आडोशाला गेलं, इतकंच. आरपार गेलं की पृष्ठभागावर आडवं पडलंय, हे साधा सीडी सांगत नाही. २१ अवशेषांचा हेलिक्स ३.१५ नॅनोमीटर भरतो, मेंब्रेनचा तेलकट गाभा साधारण ३. लांबी पुरते खरी. पण हेलिकल व्हील (हेलिक्स टोकाकडून बघून अवशेष वर्तुळावर मांडलेलं चित्र) काढून बघ, लायसिन सगळे एका अंगाला येतायत का?

उदास_क्युवेट

सगळे एकाच अंगाला. आर्जिनिनपण.

जुनी_पिपेट

मग बहुधा आडवंच. ॲक्रिलामाइडने क्वेंचिंग कर, म्हणजे पाण्याला उघड्या ट्रिप्टोफॅनचा फ्लुरोसन्स विझवून बघ, बफर आणि व्हेसिकलची तुलना कळेल. २८० ला नको, तिथे ॲक्रिलामाइड स्वतःच प्रकाश गिळतं. २९५ ला उत्तेजित कर. आणि ग्लोव्हज घाल, ते मज्जासंस्थेला विषारी असतं.

उदास_क्युवेट

स्लाइडवर "शिरतं" खोडून "ऋण प्रभाराच्या मेंब्रेनला चिकटतं" केलंय. ॲक्रिलामाइड उद्या सकाळी.